कपाटातले पाटील

भाऊ, तू खोटारडा निघालास.

गेलेल्या माणसाला असं बोलू नये, कळतं मला. दारावर येणारा प्रत्येक जण तुझं कौतुकच करून गेला. "वाघ होता वाघ," म्हणाले. विजेच्या डांबावर सरसर चढणारा, सापाला शेपटीला धरून उचलणारा, कुणाच्या बापाला न भिणारा वायरमन. मी वहिनीच्या शेजारी बसून मान हलवायची, डोळे पुसायची, चहाचे कप गोळा करायची. आणि आतल्या आत तुझ्यावर जळफळायची. कारण तुझं कपाट मी उघडून बघितलंय.

घाबरट तर मी पहिल्यापासूनच. त्यात आता ही गळ्याची गाठ. मिरचीच्या दिवसांत शाळेतून येताना रिक्षा पथाऱ्यांजवळून गेली, वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका लागला, मी गळा धरला आणि बोटाला ती लागली, बोराएवढी. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलं. सुरतेच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं, की काढावी लागेल, काढल्यावर तपासायला पाठवू, मगच कळेल कसली आहे ते. आवाज काही दिवस बसेल, क्वचित कुणाचा कायमचाही बसतो. मी मास्तरीण. तुझे मेहुणे गेल्यावर याच आवाजावर मी लेक वाढवली, तिचं लग्न केलं. मी डॉक्टरांना तेच तेच परत विचारत राहिले. तू मात्र हसलास. बाहेर आल्यावर म्हणालास, "घाबरू नको वं, मी शे ना." तारीखही तूच ठरवलीस. आणि ती तारीख उजाडायच्या आत, सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता, तू स्वतःच निघून गेलास. दवाखान्याने आता दुसरी तारीख दिली. भाऊ, मला जायचं नव्हतं. कुणी कितीही समजावलं तरी मला तिथे जाऊन गळ्यावर सुरी लावून घ्यायची नव्हती.

"मी शे ना", मी आहे ना, हे तुझं वाक्य मी कधीपासून ऐकत आले? आखाजीच्या सणातल्या झोक्यापासून. रनाळ्यात आपल्या घरामागच्या लिंबाला दोर बांधलेला असायचा, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत झोके घ्यायच्या आणि मला एवढीशी पोर म्हणून पुढे बसवायच्या. तू मागून असा काही धक्का द्यायचास की माझं काळीज पायात यायचं. मी किंचाळायचे. तू खालून ओरडायचास, घाबरू नको वं. आता आठवायला बसले तर एक गोष्ट लक्षात येतेय. तू स्वतः त्या झोक्यावर एकदाही बसला नाहीस. म्हणायचास, हा पोरींचा खेळ. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

आणि ते धुळ्याचं प्रकरण! माझ्या डी.एड.च्या प्रवेशाला तू मला घेऊन गेलास. दोन खिडक्या. एकीवर कारकून रिकामा बसलेला, माशा मारत. दुसरीवरचा जेवायला गेलेला, पण त्याच्या टेबलावर पाटी होती, पाटील. तू मला त्या बंद खिडकीपुढे उभं केलंस. "थांब वं, तो पाटील येऊ दे. आपला मानूस शे." मी म्हटलं, अरे, हा रिकामा बसलाय. तू ऐकशील तर शपथ. आपण ताटकळलो, तो पाटील ढेकर देत आला आणि आपल्यावरच खेकसला, "शेजारच्या खिडकीवर जा ना, दिसत नाही का?" मला हसू आवरेना. तुझे कान लाल झाले होते. पण पुढच्या वेळी तहसीलला गेलो तेव्हा परत तेच. कुठेही जायचं ठरलं की तुझा पहिला प्रश्न, "आपला कोनी शे का तठे?" दवाखाना असो, पोलीस चौकी असो, नाहीतर रेल्वेची चौकशी. पाट्या वाचत फिरायचास, पाटील दिसला की तुझ्या जिवात जीव.

मी तुझ्याशी किती भांडले यावरून. पाटील म्हणजे नातं नाही रे, गावोगावचा तो मान होता, त्याचं पुढे आडनाव झालं. कोल्हापूरचा पाटील, बेळगावचा पाटील, त्यांचा तुझा काय संबंध? त्यांच्या घरात आपली भाषासुद्धा कुणाला कळायची नाही. शाळेच्या पटावर माझ्या वर्गात निम्मे पाटील, ते काय सगळे एकमेकांचे चुलत भाऊ? मी स्वतः पाटलाची लेक, पाटलाची सून, लग्नात आडनाव बदलायचीसुद्धा गरज पडली नाही, तरी सासरी पहिले काही महिने मला कुणी आपलं म्हटलं का? तू ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "तू मास्तरीन. तुले पुस्तके समजतस, मानसे नही." यावर माझं डोकं फिरायचं. आपला हा वाद कधी मिटला नाही. गेल्या दिवाळीतही फराळाच्या ताटावर तो झाला, आणि तू उठून बाहेर गेलास.

आता कपाटाचं ऐक. तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आधार कार्ड हवं होतं. वहिनी म्हणाली, लोखंडी कपाटात असेल. त्या कपाटाची किल्ली तू आयुष्यभर करदोड्याला बांधून हिंडलास. आम्ही समजत होतो आत ऑफिसचे कागद आहेत, तू तसंच सांगितलं होतंस. तुला नेण्याआधी करदोडा तोडला तेव्हा वहिनीनं किल्ली काढून मुठीत धरली होती. ती मूठ तिनं दोन दिवस सोडली नाही, असं शेजारच्या काकू सांगत होत्या.

कपाट उघडलं आणि बघते तर काय, पुस्तकं. वरपासून खालपर्यंत. तू, पेपर सोडून काही वाचत नाहीस म्हणून मी ज्याला चिडवायचे, तो तू! मी ती खाटेवर मांडली. मास्तरणीची सवय, विषय लावायला बसले. जमेचना. सर्पदंशावर एक. तोंडी हिशेबावर एक. कोर्टात साक्ष कशी द्यावी यावर एक. लोणच्यांचं एक, तेलाचे डाग पडलेलं. इंग्रजी बोलायला शिका. श्वासाचे व्यायाम. भुताखेतांच्या अंधश्रद्धेवर एक जाडजूड. सभेत भाषण कसं करावं. मुतखड्यावर एक, कवितांचं एक पातळसं. मी डोक्याला हात लावला. असं कोण वाचतं, कशापायी वाचतं? पुस्तकं एकावर एक रचताना कणे एका बाजूला आले, आणि मग दिसलं. पाटील. पाटील. पाटील. सगळ्या कण्यांवर. कुणी डॉक्टर पाटील, कुणी वकील पाटील, कुणी प्राचार्य, कुणी बाई. सगळे आपापल्या गावचे, एकमेकांना कधी न भेटलेले, तुझ्या कपाटात खेटून उभे.

मी खरं सांगू, आधी मला हसूच आलं. त्या सुतकात, पांढऱ्या साडीतल्या वहिनीसमोर मी खो खो हसले. "वहिनी, बघा तरी तुमच्या नवऱ्याची अक्कल! पुस्तकंसुद्धा आडनाव बघून घेतलीत." ती चौथी शिकलेली, बोट ठेवून एकेक कणा वाचत गेली. तीही जरा हसली. मग म्हणाली, "त्यासले आपला मानूस लागे ना, ताई. भीती वाटे तव्हय."

भीती वाटे तव्हय. भाऊ, माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, कुणाला भीती वाटायची? "त्यासले," वहिनी म्हणाली. तिला वाटलं होतं मला माहीत आहे.

मग ती एकेक पुस्तक हातात घेऊन सांगत गेली आणि मी खाटेच्या कडेला बसून ऐकत गेले. कपाशीच्या गंजीत साप निघाला आणि तू तो सगळ्या गल्लीसमोर उचललास, त्यानंतर तू कितीतरी दिवस चपला झटकल्याशिवाय घालत नव्हतास, आणि त्या पुस्तकाचं घोणस सापाचं पान हाताळून हाताळून मऊ पडलंय. तुझ्या जोडीदाराला डांबावरच करंट लागला, तो लोंबकळत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच डांबावर तू चढलास. गाव तुझ्या पाया पडायचं बाकी होतं. त्या आठवड्यात श्वासाच्या व्यायामाचं पुस्तक आलं. पहाटे उठून तू ओट्यावर नाक धरून बसायचास, आणि कुणी आलं की नाक शिंकरल्याचं सोंग करायचास. शाळा समितीवर तुला घेत होते तेव्हा तू "नेतेगिरी माले नको" म्हणून ऐटीत नकार दिलास. ते भाषणाचं पुस्तक तेव्हाचं. पंधरा ऑगस्टला चार शब्द बोलावे लागतील या धसक्याने तू पद सोडलंस, आणि मी वर्गात पोरांना तुझा दाखला देत होते, निःस्वार्थीपणाचा! वहिनी काविळीने माहेरी ब्राह्मणपुरीला जाऊन राहिली तेव्हा लोणच्याचं पुस्तक. उपाशी मरू याची भीती, दुसरं काय. कवितांच्या पुस्तकाचं मात्र तिलाही सांगता आलं नाही. ते कशाच्या भीतीपोटी घेतलंस ते तूच जाणे.

एक पुस्तक मी तिच्या हातात द्यायला नको होतं. मी वाचलंच नव्हतं त्याचं नाव, तसंच पुढे केलं. मूल न होणाऱ्या पुरुषांसाठी होतं ते. वहिनीनं अक्षराला अक्षर जोडत नाव वाचलं, दोनदा वाचलं. तुम्हाला मूल नाही म्हणून गावानं तिला काय काय ऐकवलं, मला माहीत आहे, तुलाही माहीत होतं. तू ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायचास, "देवनी देलं नही, मंग काय." ती म्हणाली, "त्यासनी माले कधी सांगं नही." आवाज अगदी साधा. मग ते पुस्तक तिनं सगळ्यांच्या खाली ठेवलं आणि कणीक मळायला निघून गेली. मला तेव्हा तुझा राग आला आणि तुझी कीवही आली. एवढी मोठी भीती घेऊन तू कुण्या अनोळखी डॉक्टर पाटलाकडे गेलास, आणि शेजारी झोपलेल्या बाईला विचारलं नाहीस.

मी एकटीच राहिले कपाटापाशी. सगळ्यात वरच्या फळीवर, तुझ्या मफलरच्या मागे, एक प्लास्टिकची पिशवी होती. आत एक नवं पुस्तक. गळ्यातल्या ग्रंथीच्या आजारांवर, गाठींवर, कॅन्सरवर. कुण्या मोठ्या डॉक्टरचं, मराठीत आणलेलं. मी आडनाव बघितलं. पाटील नव्हतं. आपल्याकडे कधी कानावरही न आलेलं आडनाव, वाचताना मीच अडखळले. पहिल्या पानावर बघितलं, मागे बघितलं, कुठेतरी आत एखादा पाटील असेल, भाषांतर करणारा तरी असेल, छापणारा तरी असेल. नव्हता. त्या अख्ख्या कपाटात तेवढं एकच पुस्तक परक्याचं होतं, आणि ते माझ्यासाठी आणलेलं होतं.

आत तू पेन्सिलीने रेघा मारल्या होत्यास. आवाजाच्या पानावर इतक्या दाबून मारल्यास की पान फाटलंय.

वहिनीला हाक मारली. तिनं पिठाच्या हातानं दारातूनच बघितलं आणि सांगितलं, सुरतेहून आपण आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू नंदुरबारला गेलास आणि हे घेऊन आलास, आणि रात्री जेवला नाहीस. "त्या दिनले त्या जेवनातच नही. म्हने, अ‍ॅसिडिटी शे." रात्री मी फोन केला होता, आठवतं? मी रडत होते. तू म्हणालास, "काही नही शे ते. साधी गाठ. डॉक्टरसले काम पायजे." आणि तेव्हा हे पुस्तक तुझ्या मांडीवर होतं!

लोक म्हणतील, किती प्रेम होतं भावाचं. होतंच. मी ते पुस्तक छातीशी धरून पुष्कळ रडले. आयुष्यभर जो माणूस पाटील दिसल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता, त्यानं माझ्या वेळी दुकानदाराला आडनाव विचारलं नाही, चांगलं कुठलं ते विचारलं. एवढं कुणी कुणासाठी सोडत नाही, भाऊ. उपकार मानू तितके थोडे.

पण रडून झाल्यावर जे मनात आलं ते तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार? माझी पाचावर धारण बसली. तू घाबरला होतास, म्हणजे ते घाबरण्यासारखं आहे. साप, करंट, कोर्ट, भुतं, या सगळ्यांच्या वेळी तुला आपला माणूस पुरला. माझ्या गाठीच्या वेळी पुरला नाही. मग ती केवढी मोठी असेल? मी आजवर जे काही केलं, एकटीने नोकरी, एकटीने लेक वाढवणं, रात्री घरात एकटं झोपणं, ते सगळं तुझ्या जिवावर. मागे भाऊ आहे, तो कशाला भीत नाही, या एका समजुतीवर. ती समजूतच खोटी होती. मला वाटलं, मी कशाच्या आधारानं उभी होते मग? पुस्तक उघडायची हिंमत होईना. रेघा मारलेली पानं बघितली तरी गळ्याला हात जायचा. गाठ वाढल्यासारखी वाटायची. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता आवाज घोगरा लागला की मी थांबायचे, पोरं एकमेकांकडे बघायची. पाणी गिळताना भीती, झोपताना भीती. लेकीचा नाशिकहून फोन आला की तिच्या तान्ह्याचा आवाज ऐकायचा आणि पटकन ठेवून द्यायचा. ती बाळंतीण, तिला मी गाठीबद्दल अवाक्षर बोलले नाही.

मग मी सबबी शोधायला लागले. त्या मिळाल्याही. काकू म्हणाल्या, वर्षभर घरातल्या कुणी अंगाला शस्त्र लावून घेऊ नये. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. कुणी म्हणालं, शिरपूरकडे एक जण लेप देतो. मी पत्ता विचारून घेतला, मी, विज्ञान शिकवणारी! वहिनीला सांगितलं, तारीख पुढे ढकलते, सोबत यायला तरी कोण आहे. ती भाकरी थापत राहिली.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी सकाळी मी रनाळ्याला होते. ओट्यावर काकू होत्या, आणखी दोघी-तिघी बायका होत्या. वहिनी आतून पिशवी घेऊन आली. तिच्या दोन साड्या, पाण्याची बाटली, तुझ्याकडे ठेवलेले माझे रिपोर्ट. मला म्हणाली, "ताई, गाडीले जावाले पाह्यजे ना? चला. मी येस तुम्हना संगे."

तुला कळतंय ना ती काय बोलत होती? नवरा जाऊन महिनाही झाला नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि टाकायचंच झालं तर पहिल्यांदा बाहेर माहेरच्यांनीच न्यायचं. तिचा भाऊ ब्राह्मणपुरीहून पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होता. काकूंनी तोंडावर पदर धरला. "अजून म्हैना बी नही व्हयना, अन् तू गाव सोडी जाई ऱ्हायनी? लोके काय म्हनतीन?"

वहिनी ज्यांच्यापुढे उभ्या जन्मात वर मान करून बोलली नव्हती त्या ह्या काकू. तिचे ओठ थरथरत होते, मला दिसलं. पण ती बोलली. "मानूस गया, काकू. आते ताईले बी जाऊ देऊ का?"

काकू उठून गेल्या. परत येतील की नाही, येणं-जाणं ठेवतील की नाही, मला माहीत नाही. त्या गल्लीत वहिनीला एकटीला राहायचं आहे. मी तिला म्हटलं, वहिनी, विचार करा. ती म्हणाली, "चप्पल घाला."

आम्ही नंदुरबारहून गाडी धरली. वहिनी खिडकीशी बसली, पदर कपाळाच्या खाली ओढून. नवापूर गेल्यावर तिनं विचारलं, आता गुजरात लागलं का? सुरत तिनं कधी बघितलेली नाही. लग्नानंतर तुझ्यासोबत ती शहाद्याच्या पलीकडे गेलेली नाही, असं ती म्हणाली, आणि मला ते आजवर माहीत नव्हतं. गाडी जितकी पुढे जात होती तितकं मला उतरून जावंसं वाटत होतं. प्रत्येक स्टेशनला मी दाराकडे बघत होते, आणि प्रत्येक वेळी वहिनी माझ्या पदराचं टोक धरत होती. ते मुद्दाम होतं की सहज, विचारलं नाही.

दवाखान्यात शिरलो आणि आता हस हवं तेवढं. भिंतीवर डॉक्टरांच्या नावांचा मोठा फळा होता. इंग्रजीत, गुजरातीत. माझे पाय तिथेच रुतले. मी वरपासून खालपर्यंत वाचत गेले. परत वाचलं. मी, तुझी मास्तरीण, तुझ्याशी जन्मभर वाद घालणारी, त्या फळ्यावर पाटील शोधत होते. पटेल होते, खंडीभर. पाटील एकही नव्हता. पटेल चालेल का, हे तुला विचारावं असंही मनात येऊन गेलं. भाऊ, त्या क्षणी मला धुळ्याची ती बंद खिडकी समजली. तू तिथे का उभा राहिलास ते समजलं. वाद तू जिंकलास म्हणणार नाही, तुझं म्हणणं अजूनही चूकच आहे. पण तू मूर्ख नव्हतास. तू फक्त घाबरलेला होतास, आणि तुला वाटायचं की आपल्या माणसापुढे घाबरलेलं चालतं. मग घरात आम्ही कोण होतो रे?

आता दुपार आहे. खाट मिळाली आहे. उद्या सकाळी पहिला नंबर माझा, संध्याकाळनंतर काही खायचं नाही. मगाशी एक बाई येऊन वहिनीची सही घेऊन गेली. वहिनीनं आपलं नाव, तुझं नाव आणि पाटील असं सावकाश लिहिलं, मधे थांबली, मग पुरं केलं. मी तुला हे लिहीत बसले आहे. समोरच्या खाटेवरची बाई झोपली आहे. तिच्या गळ्याला पांढरी पट्टी आहे. ती नातेवाईकांशी हातानं खुणा करून बोलते, आणि मी तिकडे बघायचं टाळते.

थोड्या वेळापूर्वी वहिनी खाली जाऊन दोन कप चहा घेऊन आली. लिफ्टमध्ये बसायचा धीर झाला नाही म्हणून जिने चढून आली, धापा टाकत, निम्मा चहा सांडलेला. माझ्या हातात कप दिला आणि माझ्या खाटेवर टेकली. मग तिनं ते विचारलं, जे आपल्या घरात कधी कुणी कुणाला विचारलं नाही.

"ताई, भीती वाटी ऱ्हायनी का?"

माझ्या तोंडात "नाही" तयारच होतं. बापाने तुला तेच शिकवलं, तू मला तेच शिकवलंस. पण चहा सांडत जिने चढून आलेल्या त्या बाईशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, "खूप."

तिनं माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला. माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिचे हात बर्फ झाले होते.

"माले बी," ती म्हणाली.

आणि मग आम्ही दोघी, भाऊ, भरल्या वॉर्डात मोठमोठ्यानं रडलो. नर्स धावत आली. तिला वाटलं काही दुखतंय. तू गेल्यापासून आम्ही रडतोच आहोत, पण ते तुझ्यासाठी. हे आमच्यासाठी होतं. रडून झाल्यावर वहिनीनं नाक पुसलं, राहिलेला चहा दोन कपांत सारखा केला आणि आम्ही तो गारच प्यायलो.

उद्या सकाळी मला आत नेतील आणि ती दाराबाहेर बाकावर बसेल. गाठ कसली निघेल, आवाज राहील की जाईल, मला काही ठाऊक नाही. तू असतास तर म्हणाला असतास काही होत नाही, आणि मी विश्वास ठेवला असता. ती तसं म्हणत नाही. ती म्हणते, तिलाही माहीत नाही. मी तिच्यासोबत जाते आहे, भाऊ.